दिवाळीचा किल्ला २०२४ : वसईचं चर्च (कामाच्या नोंदी)

२२ सप्टेंबर, रविवार

गणपतीतलं अर्धं पोतं शाडू जिन्याखाली पडून आहे. ते पाहूनच मुलांनी आज विषय काढला. गेल्या वर्षी रायगड झाला, त्याआधी प्रतापगड. यंदा कुठला? मी म्हटलं, वसई. सगळ्यांची तोंडं पडली. सातवीतला म्हणाला, "वसईला डोंगरच नाही, मग हळीव कुठे पेरायचं?" रास्त प्रश्न आहे. ठाण्यातल्या आमच्या चरईच्या या अंगणात दिवाळीचा किल्ला म्हणजे विटांवर गोणपाट, त्यावर लाल माती आणि माथ्यावर महाराज. वसईचा किल्ला सपाट जमिनीवरचा. तीन अंगांना पाणी, एका अंगाला जमीन आणि भोवती तट.

आठवीतल्या मुलीने विचारलं, "मग आत काय आहे?" मी सांगितलं, शहर आहे. रस्ते, वाडे, मठ, दवाखाना, कैदखाना आणि एवढ्याशा जागेत एकाहून एक चर्चं. हे ऐकून ती गप्प बसली, पण नजर हलली नाही. तेव्हाच ठरलं.

संपूर्ण किल्ला करायचा नाही. तो ११० एकरांचा आहे. १:५०० मापाने काढला तरी पावणेदोन चौरस मीटर होतो आणि त्यात चर्च नखाएवढं दिसेल. म्हणून एकच कोपरा घेतला: बंदर दरवाजा, तटाचा तुकडा आणि दरवाजाजवळचं सेंट जोसेफ चर्च. माप १:५०.

२९ सप्टेंबर, रविवार

वसईला जाऊन आलो. मी, तीन मुलं आणि तळमजल्यावरच्या मावशी. मावशींचं माहेर वसईचं. त्यांना सोबत घेतलं ते वाट दाखवायला, पण खरं तर त्यांच्यामुळेच आजचा दिवस झाला.

जाताना दादर करून वसई रोड. रिक्षाने किल्ल्यात शिरलो तेव्हा आभाळ भरलं होतं आणि सगळीकडे गवत कमरेएवढं. मुलं आधी चिमाजी अप्पांच्या पुतळ्याकडे धावली. मग वाटेत लागली ती भिंतींची रांग: छप्पर नाही, दारं नाहीत, खिडक्यांतून आभाळ.

सेंट जोसेफच्या उंबऱ्याशी मावशींनी चपला काढल्या आणि पदर डोक्यावर घेतला. आत ना छप्पर ना वेदी, जमिनीवर पावसाचं पाणी साचलेलं. धाकट्याने विचारलं, "इथे चपला का काढायच्या?" त्या म्हणाल्या, "देऊळ आहे ना हे." मग मला म्हणाल्या की त्यांच्या आजीच्या बोलण्यात चर्च हा शब्द कधी आलाच नाही. रविवारी आजी 'देवळात' जायची, मिस्सा ऐकायला. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघांनीही चपला काढल्या.

मापं अशी घेतली: घरून एक मीटरची लाकडी पट्टी नेली होती, दर दहा सेंटीमीटरला लाल-पांढरी रंगवलेली. ती भिंतीला टेकवून समोरून सरळ फोटो काढायचा. भिंतीला हात लावायचा नाही, खिळा मारायचा नाही, वर चढायचं नाही. घरी आल्यावर फोटोतल्या पट्टीवरून बाकीचं मोजता येतं. ऑफिसमध्ये जुन्या इमारतींची कामं येतात तेव्हा आम्ही हेच करतो. मनोऱ्यात वळणाचा जिना आहे, पण पावसाने पायऱ्या बुळबुळीत झाल्या होत्या. मुलांना पहिल्या पायरीपाशीच थांबवलं.

जवळून पाहिलेलं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. भिंत एकसारखी नाही. जिथे गिलावा उडालाय तिथे आतला अनघड दगड दिसतो, वेडावाकडा, चुन्यात बसवलेला. कोपऱ्यांना आणि दरवाजांच्या कडांना मात्र घडीव दगड, टाकीने तासलेला, सांधा सरळ. म्हणजे जिथे भार वळतो आणि जिथे माणसाचा हात लागतो तिथेच खर्च केलाय. बाकी भिंत चुन्याच्या गिलाव्याखाली पांढरी शुभ्र दिसत असणार. आज आपण जो काळाकरडा दगड बघून हळहळतो तो बांधणाऱ्यांनी दाखवायला ठेवलेलाच नव्हता.

परतताना घोडबंदरवरून एसटीने आलो. मुलं झोपली. खाडीवर संध्याकाळ झाली होती.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. आराखडा काढला. मुलांना समजेल अशा भाषेत इतिहासाचं एक पान लिहिलं. तेच इथे उतरवते.

हुमायूनच्या धाकाने गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांशी तह केला आणि २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई त्यांना दिली. तेव्हा गव्हर्नर होता नुनो द कुन्या. आधी आतली छोटी गढी झाली. मग तिच्याभोवती शहर वाढलं आणि शहराभोवती आज दिसतो तो दहा कोनांचा तट आला. सेंट जोसेफ चर्च १५४६ सालचं, पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्या हुकमाने बांधलेलं. त्याला म्हणत 'मात्रिझ', म्हणजे सगळ्या वस्तीचं मूळ चर्च. वसईच्या भाषेत सांगायचं तर धर्मग्रामाचं देऊळ.

फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन या ख्रिस्ती संन्यासी संघांचे आपापले मठ आणि चर्चं किल्ल्यात होती. जेझुइटांचं चर्च सर्वांत नटवं: दारावर नक्षी, खांब, येशूच्या नावाची अक्षरं. गोन्सालो गार्सिया जेझुइटांकडेच शिकले. वसईत जन्मले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १८६२ मध्ये संत झाले. मुलांनी साहजिकच विचारलं, मग तेच चर्च का नाही करायचं? करायला सुंदर आहे. पण मात्रिझमध्ये गावातल्या कुणाचाही बाप्तिस्मा व्हायचा, कुणाचंही लग्न लागायचं. बंदरावर उतरलेल्या माणसाला तटावरून आधी दिसायचा तो हा मनोरा. मला तेच हवं आहे.

बरेच जण याला कॅथेड्रल म्हणतात. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं आसन. वसईला स्वतःचा बिशप मिळाला तो १९९८ साली आणि त्याचं आसन किल्ल्याबाहेर पापडीला. फलकावर 'चर्च' एवढंच लिहायचं.

६ ऑक्टोबर, रविवार

कमानीचा दिवस.

अर्धवर्तुळाकार कमान शाडूच्या एका लगद्यातून कापून काढता आली असती. पण मग ती कमान झाली नसती, भोक पाडलेली भिंत झाली असती. म्हणून सुट्या दगडांची केली. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आडवी ठेवली, हे आमचं सेंटरिंग, म्हणजे कमान पुरी होईपर्यंतचा खालचा आधार. बोटाच्या पेराएवढे पाचरीसारखे तुकडे, वर रुंद, खाली निमुळते, दोन दिवस आधी वाळवून ठेवलेले. दोन्ही बाजूंनी एकेक चढवत नेले. शेवटी माथ्यावरची जागा उरली. आठवीतल्या मुलीने तो शेवटचा तुकडा कानशीने घासून घासून बसवला आणि मग बाटली हळूच ओढून काढली.

कमान उभी राहिली. चुना नाही, डिंक नाही. सातवीतल्याने वर रबर ठेवला, मग कंपासपेटी. कमान अजून घट्ट झाली. मग त्याने एका बाजूचा पायथा बोटाने जरासा बाहेर ढकलला आणि सगळी खाली आली. त्याला रागावले नाही. जाड भिंती कशासाठी असतात हे मी तासभर बोलून जेवढं सांगितलं असतं त्याहून जास्त त्या एका बोटाने सांगितलं. कमान वरच्या वजनाला घाबरत नाही, पाय पसरायला घाबरते.

पुन्हा बांधली. तिसऱ्या खेपेला भिंतीत बसवली.

९ ऑक्टोबर

ऑफिसला उशीर. मुलांनी तटाच्या विटा रचल्या. बाकी काही नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

मनोरा तडकला.

चूक माझी. वेळ वाचवायला भरीव केला होता. शाडू बाहेरून वाळत आला, आत ओला राहिला. बाहेरचा थर आकसला आणि वरपासून खालपर्यंत केसाएवढी भेग गेली. संध्याकाळपर्यंत त्यात नाणं जाईल एवढी झाली. मुलं सोनं वाटायला आली होती. आपट्याची पानं हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

खरा मनोरा पोकळ आहे, म्हणूनच तर त्यात जिना आहे. जे समोर बघून आले तेच विसरले.

१३ ऑक्टोबर, रविवार

नवा मनोरा. या वेळी पोकळ. भिंतीत विटेचे तुकडे आणि काथ्याचे बारीक कापलेले धागे घालून शाडू मळला. बाहेरून घडीव कोपरे वेगळे केले आणि मागून चिकटवले. म्हणजे वसईच्या गवंड्यांची पद्धत: आत अनघड भर, कडांना तासलेला दगड. छान वाळतोय.

घमेलं धुताना मुलांना सांगितलं की घमेलं हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. चावी, पगार, इस्त्री, पाद्री हेही त्यांचेच. मावशी खिडकीतून म्हणाल्या, "आणि तुरुंग." मला तो क्षणभर लक्षात आला नव्हता. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, पुढे इंग्रजांनी त्याच किल्ल्याचा तुरुंग केला. १८१६ साली त्रिंबकजी डेंगळे निसटले ते इथूनच. मुलं रोज त्या तटाजवळून शाळेला जातात. ठाणं आधी पडलं आणि वसई दोन वर्षांनी, हा क्रमही आज त्यांना पहिल्यांदा उमगला.

१६ ऑक्टोबर, रात्री

शिलालेखाचं काम. सेंट जोसेफच्या लेखात आहे की १६०१ मध्ये, अलेक्सो द मेनेझिस हे आर्चबिशप आणि पेद्रो गाल्व्हाव पेरेरा हे व्हिकार, म्हणजे इथले मुख्य पाद्री, असताना, या मात्रिझचा जीर्णोद्धार झाला. म्हणजे आपण पाहतो ते १५४६ चं जसंच्या तसं नव्हे. पंचावन्न वर्षांनी ते वाढवलेलं, नव्याने उभारलेलं. मेनेझिस गोव्याचे आर्चबिशप होते. १५९९ ची केरळातली उदयंपेरूरची धर्मसभा त्यांनीच भरवली.

मला मात्र त्या व्हिकारची गोष्ट सोडवत नाही. गाल्व्हाव १६१८ मध्ये गोव्याला वारले. त्यांच्या अस्थी तिथून वसईला आणून याच चर्चमध्ये पुरल्या आणि वर दगड बसवला: हे चर्च ज्याने वाढवलं, पुन्हा बांधलं, त्याची ही कबर. आर्चबिशपचं नाव दारावर आहे, पण अस्थी आल्या त्या पाद्र्याच्या. बांधकामात आयुष्य घातलेल्या माणसाला मरणानंतर त्याच भिंतींत परत आणावंसं कुणाला तरी वाटलं. रोज दुसऱ्यांच्या घरांची ड्रॉइंग काढणाऱ्या मला हे वाचून गलबलून आलं.

गोव्यावरून आणखी एक. जुन्या गोव्याच्या बॉम जिझस बॅसिलिकाच्या दर्शनी भागातला काळा बेसॉल्ट वसईहून जहाजाने गेला. गोव्यात जांभा मुबलक, पण त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. आपल्या सह्याद्रीचा दगड टणक, धार धरून ठेवणारा. दगड तिकडे गेला आणि माणूस अखेर इकडे आला.

'१६०१' हे आकडे धाकट्याने कंपासच्या टोकाने कोरले. सहाचं पोट जरा मोठं झालंय. तसंच ठेवायचं.

२० ऑक्टोबर, रविवार

आज अंगणात बोलाचाली झाली, ती नीट लिहिते.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी काम पाहिलं आणि विचारलं, "दिवाळीच्या किल्ल्यात चर्च कशाला? किल्ला महाराजांसाठी करतात." ते सणावारी मुलांना आपल्या हाताने करंज्या देणारे गृहस्थ आहेत. त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून उत्तरही मनापासून दिलं.

म्हटलं, आजोबा, चिमाजी अप्पांनी वसई घेतली हे आपण अभिमानाने सांगतो. 'किल्ला मिळत नसेल तर माझं डोकं तोफेच्या तोंडी देऊन आत टाका' ही गोष्ट या पोरांनाही पाठ आहे. पण घेतलं ते काय होतं? नुसता तट दाखवला तर वाटतं, एक भिंत पाडली आणि झालं. आत दोनशे वर्षं रुजलेलं दगडी शहर होतं, पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी. १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत वेढा चालला. जमिनीच्या बाजूने सुरुंग खणत खणत मराठे सान सेबास्तियन बुरुजाखाली पोचले, बुरूज उडाला, खिंडारात दोन्हीकडची माणसं पडली. मनोरे दिसल्याशिवाय त्या कामाचं मोल दिसत नाही. आणि बुरूज पडल्यावर काय केलं, तेही तितकंच मोठं. तह झाला. शिबंदीला शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिलं. ज्यांना जायचं त्यांना बायकामुलं आणि सामान घेऊन जाऊ दिलं. जे राहिले त्यांचीच लेकरं मावशींच्या माहेरी आहेत.

आजोबा बराच वेळ कमानीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फलकावर बुरूज लिहाल तर तहही लिहा." लिहिणार.

२४ ऑक्टोबर

हळीव पेरलं. जमिनीवर तर पेरलंच, पण सातवीतल्याला चर्चच्या भिंतींवरही पेरायचं होतं. आधी मी नाही म्हणाले. मग वसईतले फोटो पुन्हा काढले. प्रत्येक सांध्यातून गवत, कुठे पिंपळाचं रोप, कुठे वडाची मुळं दगडाला मिठी मारून.

१७३९ च्या आधीचं, छपराचं, पांढरं चर्च करायचं की आजचं, हा प्रश्न आम्ही महिनाभर टाळत होतो. तो हळिवानेच सोडवला. आजचं करायचं. मुलांनी जे डोळ्यांनी पाहिलं आणि चपला काढून ज्यात पाऊल टाकलं, तेच.

सांध्यांत ओल्या कापसाच्या वाती बसवून त्यावर दाणे ठेवले.

२६ ऑक्टोबर, शनिवार

बंदर दरवाजा झाला. वाट तिरकी ठेवली, हल्लेखोराला सरळ धावत आत येता येऊ नये अशी. खाडीसाठी निळा कागद नको म्हणून आठवीतल्या मुलीने परातीत खरं पाणी ठेवलं. होड्या अक्रोडाच्या टरफलांच्या.

२८ ऑक्टोबर, वसुबारस

किल्ला मांडला. हळीव फुटलं. मनोऱ्याच्या वरच्या खिडकीत दोन पानं आलीत.

ती खिडकी रिकामी आहे. मुलांचं म्हणणं, देवघरातली छोटी घंटा बांधू. मी बांधू दिली नाही. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणिसांच्या गावी, घाटावरच्या मंदिरात एक आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेली मेरी. नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या मंदिरावर आहे तिच्यावर १७२१. गोदेला पूर आला की नाशिककर विचारतात, पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं का? पुराचं माप झालेली ती घंटा एकेकाळी या तटाच्या आत माणसांना प्रार्थनेला बोलवायची.

आमच्या तिघांपैकी एकाचं आजोळ नाशिक. तो म्हणाला, "मी त्या घंटेखालून शंभर वेळा गेलोय." फलकावर मनोऱ्याशेजारी एक ओळ वाढवली: घंटा पाहायची असेल तर नाशिकला जा.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

माणसं येतायत. एक पणती कमानीच्या आत ठेवली आहे. खिडक्यांतून उजेड बाहेर पडतो, आणि छप्पर नसल्याने वरही. मावशी रात्री दहाला खाली आल्या आणि गुडघे दुखत असूनही जमिनीवर बसून कमानीतून आत बघत राहिल्या. म्हणाल्या, "उजेडात कधी बघितलं नव्हतं." दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी त्यांना तहाची ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

६ नोव्हेंबर

किल्ला आवरला. विटा गच्चीवर, लाल माती कुंड्यांना, मावळे खोक्यात. चर्च ठेवायचं, जिन्याच्या कोपऱ्यात, प्लायवूडच्या फळीसकट.

हळीव काढायला घेतलं आणि पहिल्याच रोपाबरोबर शाडूचा ढलपा हातात आला. मुळं सांध्यात आतवर शिरून काथ्याच्या धाग्यांत गुंतली होती. दसऱ्याच्या मनोऱ्याला गेली तशी एक बारीक भेग नव्या मनोऱ्यालाही गेली होती, आम्हाला दिसलीच नव्हती. ती या मुळांनीच धरून ठेवली होती. जुन्या भिंतीवरचा पिंपळही असाच ओढून काढायचा नसतो. रोप कापायचं, बुंधा मारायचा, मूळ आत वाळू द्यायचं आणि ती पोकळी चुन्याने भरायची.

मुलांना नखं कापायच्या छोट्या कात्र्या दिल्या. एकेक देठ भिंतीलगत कापलं. आठवीतल्या मुलीने ढलपा चुन्याच्या निवळीत भिजवून परत जागेवर बसवला. त्यावरच्या '१६०१' मधला शेवटचा आकडा अर्धा उडालाय.